लिव्हरला उपाशी ठेवून आराम मिळत नाही

वाचकाचं पत्र :

"ताई, नमस्कार. आम्ही दिंडोरी तालुक्यातले. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मिस्टरांचं वय 54, बारा वर्षांपासून शुगर. पाडव्याच्या सुमारास त्यांच्या पायांवर सूज आली, पोट तट्ट फुगलं, म्हणून नाशिकला दाखवलं. सोनोग्राफी, रक्त, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी) सगळं झालं आणि डॉक्टरांनी लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसलंय, असं सांगितलं. आमचं घर माळकरी. ह्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, तरी गावात कुजबुज चालू आहे. गोळ्यांनी सूज उतरली. पथ्य विचारलं तर 'मीठ कमी, हलकं खा' एवढंच उत्तर मिळालं. मी मग माझ्या मनानं डाळी, दूध, तेल, तूप बंद केलं. लिव्हरला आराम मिळेल असं वाटलं. पहाटे चहा, अकराला पेज आणि दुधीची भाजी, संध्याकाळी सातला मुगाचं पाणी आणि भात, की झालं. चार महिन्यांत माणूस निम्मा झाला. दंड काठीसारखे झालेत. रात्रभर जागे असतात आणि दिवसा बसल्या जागी पेंगतात. जाऊबाई गुळवेलीचा काढा पाठवतात, दीर उसाचा रस पाजा म्हणतात. आता श्रावणी सोमवार, एकादश्या, मग नवरात्राचे नऊ उपास आणि पायी सप्तशृंगी गडावर जायचं ह्यांनी ठरवलंय. माझं कुठे चुकतंय का, हे सांगाल का?
एक बहीण, दिंडोरी"

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी झोपेचं बघा. रात्री टक्क जागं आणि दिवसा पेंग, हा नुसता अशक्तपणा नसेलही. आतड्यात अमोनिया तयार होत असतो आणि धडधाकट लिव्हर तो निस्तरून टाकतं. लिव्हर थकलं की तो रक्तात साठतो आणि मेंदूवर झापड आणतो. त्याची अगदी सुरुवातीची खूण म्हणजे झोपेची अशी उलटापालट. पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. शौचाला रोज होतं का, तेही सांगा, कारण बद्धकोष्ठानं हा त्रास बळावतो. डॉक्टर बहुधा लॅक्टुलोजचं सिरप देतील. ते घेताना दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावं असा हिशेब असतो. लोक त्याला जुलाब समजून औषध बंद करतात, तसं करू नका. तोवर त्यांच्या हातात ट्रॅक्टर आणि मोटरसायकल देऊ नका. झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी तर अजिबात आणू नका, या अवस्थेत ती थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते. बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, उलटीत रक्त दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी एकदम कमी झाली किंवा ताप येऊन पोट दुखायला लागलं, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी काढा.

आता तुमचा प्रश्न. हो ताई, चुकतंय. पण ही चूक मीही केली आहे, आणि आहारशास्त्र शिकून केली आहे.

माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, सिरॉसिस झाला तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. त्या काळी सर्रास सांगितलं जायचं की प्रथिनं बंद करा, अमोनिया वाढतो. मी घरातली डाळ बंद केली, दूध अर्ध्या कपावर आणलं, पनीर तर दूरच. दादांच्या हातात एचएमटीचं जुनं घड्याळ असायचं, पोलादी पट्ट्याचं. सुरुवातीला ते मनगटावर घट्ट बसायचं. तीन महिन्यांनी हात वर केला की ते सरकत पार कोपरापर्यंत जायचं. मी ते रोज बघत होते आणि मनाला समजावत होते की आजारच असा आहे. पुढे अभ्यासांतून कळलं की सिरॉसिसच्या रुग्णाला इतरांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. अमोनियाचा निचरा करण्यात लिव्हरच्या खालोखाल मोठं काम स्नायू करतात. म्हणजे दादांचे स्नायू झिजवून मी त्यांचा दुसरा आधारच काढून घेत होते. तुमच्या पत्रात 'दंड काठीसारखे' वाचलं आणि ते घड्याळ पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

हे होतं कसं, ते तुम्हाला बागेच्या भाषेत सांगते, तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नव्यानं फुटते ती कशाच्या जोरावर? खोडात आणि ओलांड्यात, म्हणजे आडव्या फांद्यांत, साठवलेल्या अन्नाच्या. आपलं लिव्हरही असंच साठवण करतं. संध्याकाळच्या जेवणातली साखर ते आपल्याकडे ठेवून घेतं आणि रात्रभर थोडी थोडी सोडतं, म्हणून आपण आठ-दहा तास न खाता झोपू शकतो. सिरॉसिसमध्ये लिव्हर आक्रसतं, त्यात गाठी होतात आणि हे कोठार लहान होतं. मध्यरात्रीच्या आसपास ते रिकामं पडतं. मग शरीर स्नायू मोडून इंधन काढतं. धडधाकट माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याच्या शरीरात जे घडतं, ते सिरॉसिसच्या माणसाच्या शरीरात एका रात्रीच्या उपाशी पोटी घडतं.

आता तुमच्या घरचं घड्याळ बघा. संध्याकाळी सातला मुगाचं पाणी आणि भात, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी अकराला पेज. मध्ये फक्त चहा. म्हणजे सोळा तास. हे रोज, चार महिने. बिचाऱ्यांनी तुमच्या शब्दाबाहेर न जाता ते पाळलं आहे.

म्हणून आज रात्रीपासूनचं पहिलं काम. झोपण्याआधी, दहाच्या सुमारास, त्यांना कपभर दुधात एक ज्वारीची भाकरी कुस्करून द्या. साखर नको, गूळ नको. संध्याकाळी भाकरी थापताना एक जास्तीची टाकायची, एवढंच त्याला लागतं. दूध-भाकरी नको असेल तर नाचणीची आंबील ताकाऐवजी दुधात करा, किंवा छोट्या वाटीत दलिया द्या. ही 'चरायची सवय' नव्हे, हे त्यांचं औषध आहे, आणि गोळीइतक्याच नेमानं द्यायचं. शुगर असल्यामुळे पहिले आठ-दहा दिवस सकाळची उपाशीपोटीची शुगर तपासून वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी किंवा इन्सुलिनचं माप ते बदलतील. शुगर वाढेल या भीतीनं रात्रीचं खाणं बंद करू नका.

दुसरं काम पहाटेचं. उठल्यावर तासाभरात पोटात काहीतरी पडलं पाहिजे. बागेत जायच्या आधी मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध. त्यानंतर दिवसभर तीन-चार तासांपेक्षा मोठा खंड पडू द्यायचा नाही. एका बैठकीत पोटभर जेवण त्यांना जाणार नाही. पोटात पाणी असलं की दोन घासांत भरल्यासारखं होतं, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

आणि डाळ परत आणा. आजच. मुगाच्या पाण्यात चव उतरते, प्रथिनं बहुतांशी खालच्या डाळीतच राहतात आणि ती डाळ तुम्ही घरातल्या इतरांना वाढत असणार. सिरॉसिसच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. सूज उतरल्यावर त्यांचं वजन 58 किलोच्या आसपास असेल असं धरलं, तर दिवसाला 70 ते 87 ग्रॅम. माळकरी घरात अंडी-मटण नाही म्हणून घाबरू नका, हा आकडा शाकाहारात नीट बसतो. पहाटेचं दूध आणि फुटाणे धरून बारा-तेरा ग्रॅम. न्याहारीला दोन मुगाची धिरडी आणि वाटीभर दही, पंधरा. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि ताक, वीसच्या वर. चारच्या सुमारास मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात. रात्री दोन पोळ्या, भाजी आणि घट्ट वरण, पंधरा-सोळा. झोपताना दूध-भाकरी, बारा. बेरीज करून बघा, 80 च्या पुढे जाते. कधी वरणाऐवजी सोयाबीनच्या वड्या, कधी पन्नास ग्रॅम पनीर. दुधाची आणि डाळीची प्रथिनं या रुग्णांना विशेष चांगली मानवतात.

शेंगदाण्यांबद्दल एक सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच सांगते. पावसाळ्यात पोत्यात दमट झालेले, काळसर, चावल्यावर कडवट लागणारे दाणे निवडून वापरू नका, सगळेच टाकून द्या. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते नेमकं लिव्हरवरच घाव घालतं. त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. मक्याचंही तेच.

तेल-तूपही पूर्ण बंद नको. पोळीला तूप लावा, फोडणी घाला. तळण टाळलं म्हणजे पुरे. बेचव अन्न जात नाही, आणि जे जात नाही ते कितीही पथ्याचं असलं तरी कुपथ्यच.

मीठ मात्र खरंच कमी हवं. त्यांच्या पोटात पाणी झालं होतं, म्हणजे शरीर सोडियम धरून ठेवतंय. दिवसभराचं सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाजी, आमटी, भाकरीचं पीठ, ताक, सगळं त्यात आलं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी एकच युक्ती सांगते. सकाळी एक सपाट चमचा मीठ छोट्या डबीत काढायचं आणि त्यांच्या ताटातलं मीठ दिवसभर फक्त त्या डबीतून घ्यायचं. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं नाही. आमटी सगळ्यांची एकत्रच, मीठ टाकायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढायची. लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं, लसूण, कोथिंबीर यांनी चव भरून निघते. ठेचाही चालतो, बिनमिठाचा, लिंबू पिळून. पहिले पंधरा दिवस ते कुरकुर करतील, मग जीभ सरावते.

दोन ठिकाणी माणसं हमखास फसतात. एक म्हणजे सैंधव. उपासाचं म्हणून ते निराळं वाटतं, पण तेही सोडियमच. पापडखार आणि खायचा सोडा यांचंही तेच, आणि ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घ्यायच्या पुडीतही भरपूर सोडियम असतं. दुसरं म्हणजे बाजारातलं 'लो सोडियम' मीठ. हौसेनं महागाचं पाकीट आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सूज उतरवायला तुमच्या मिस्टरांना स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर ती गोळीही शरीरात पोटॅशियम वाढवते. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. चिठ्ठीवर गोळीचं नाव बघा आणि केमिस्टला विचारा. पाणी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडू नका.

नाशिक जिल्ह्यातला माणूस आणि मिसळ सुटली, असं होत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बुधवारच्या बाजाराला नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आले की ते मिसळ खात असणार असा माझा अंदाज आहे. मिसळीतली मटकी त्यांच्या भल्याचीच आहे. घात करतात ते वरची शेव-फरसाण, तर्री, सोबतचा पापड आणि पाव. पावातही मीठ असतं. घरी मोड आलेल्या मटकीची मिसळ करा, वर फरसाणाऐवजी बिनमिठाचे चुरमुरे आणि कच्चा कांदा, सोबत दही. रविवारी सगळ्या घरानं तीच खायची, म्हणजे त्यांना एकटं पडल्यासारखं वाटणार नाही. आजारी माणसाचं ताट वेगळं झालं की तो जेवणावरून उठायला लागतो, हे मी दादांच्या वेळी पाहिलं आहे.

बागेतली द्राक्षं चालतात. शुगरमुळे एका वेळी दहा-बारा मणी, जेवणाला जोडून नव्हे, मधल्या वेळी फुटाण्यांसोबत. धुऊन घ्या, हे तुम्हाला सांगायला नको.

आता उपास. ह्या मुद्द्यावर ते चिडतील हे मला ठाऊक आहे, कारण दादाही चिडले होते. वर सांगितलं ते पुन्हा आठवा, एक रात्र म्हणजे दोन-तीन दिवस. मग नवरात्राचे नऊ दिवस म्हणजे काय होईल? त्यात शुगरच्या गोळ्या चालू, म्हणजे पहाटे शुगर एकदम खाली जायचा धोका निराळाच. उपासाचे पदार्थही त्यांच्या कामाचे नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिन नावाला नाही. बटाट्याचे वेफर म्हणजे मीठ आणि तळण. तेव्हा यंदा उपास नको, एकादशीचाही नको. त्यांना न दुखावता हे कसं सांगायचं? आपल्याकडे आजारी माणसाचा उपास घरातल्या दुसऱ्यानं धरायची पद्धत आहे. त्यांच्या एकादश्या मुलानं धराव्यात. त्यांनी हरिपाठ, भजन, माळेचा जप वाढवावा. उपासाच्या दिवशी सोडायचंच असेल तर चहातली साखर सोडावी. तुमच्या गावच्या विणेकऱ्यांना किंवा ज्यांचा शब्द ते मानतात अशा महाराजांना घरी बोलावून हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. डॉक्टरपेक्षा तो शब्द लवकर पोचेल.

गडावर जाऊ द्या, पण पायी नको आणि अनवाणी तर मुळीच नको. या आजारात जखम चिघळायला वेळ लागत नाही, वर शुगर आहे. गाडीनं सप्तशृंगीला जा, वर जायला ट्रॉली आहे. पिशवीत फुटाणे, धिरडी आणि पाण्याची बाटली ठेवा.

जाऊबाईंचा काढा बंद करा. त्या मायेनंच पाठवतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून डॉक्टरांचं नाव पुढे करा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल प्यायली गेली. 2021 साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आहे. पण ज्याचं लिव्हर आधीच इतकं थकलंय, त्याच्यावर कुठल्याही काढ्याची परीक्षा घ्यायची नसते. काविळीसाठी नाकात पिळायचा कडू रस, धातूंची भस्मं, ज्यावर काय घातलंय ते लिहिलेलंच नाही अशा पुड्या, हे सगळं त्याच पंक्तीत. आसव-अरिष्टांच्या बाटल्यांमध्ये तर आंबवल्यामुळे तयार झालेला अल्कोहोल असतो, हे कित्येक माळकरी घरांना माहीतच नसतं. उसाच्या रसानं लिव्हर बरं होत नाही, शुगर मात्र एका पेल्यात भडकते. हळद फोडणीत हवी तेवढी घाला, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत.

कंबरदुखीच्या गोळीचं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण बागेत वाकून काम करणाऱ्या माणसाची कंबर दुखतेच आणि गावच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय गोळी मिळतेच, म्हणून विचारते. देत असाल तर थांबवा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड ही नावं कागदावर लिहून देवाच्या फोटोशेजारी चिकटवून ठेवा आणि त्यावर फुली मारा. या गोळ्यांनी सिरॉसिसच्या माणसाच्या किडन्या बसतात, अन्ननलिकेतल्या आणि पोटातल्या फुगलेल्या शिरांतून रक्त वाहू शकतं, उतरलेली सूज परत येते. ताप किंवा दुखणं आलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, दिवसभरात सगळं मिळून 2 ग्रॅमच्या आत, म्हणजे 500 च्या चार गोळ्यांपेक्षा जास्त नाही. लोकांना हे उलटं वाटतं. पॅरासिटामॉलनं लिव्हर खराब होतं असं ऐकलेलं असतं, म्हणून ते दुसरी गोळी घेतात. बेतानं घेतलेली पॅरासिटामॉल त्या दुसऱ्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे.

कुजबुजीबद्दल. गाव बोलतं, कारण लिव्हर म्हटलं की दारू एवढंच गावाला माहीत आहे. वर्षानुवर्षांची शुगर, पोटावरची चरबी, हिपॅटायटिस बी आणि सी, शरीराचीच बिघडलेली प्रतिकारशक्ती, यातल्या कशानंही सिरॉसिस होतो. लिव्हरमध्ये चरबी साठून होणाऱ्या या आजाराच्या इंग्रजी नावात पूर्वी 'अल्कोहोलचा नसलेला' असे शब्द होते. 2023 साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी ते नाव बदललं, आणि त्यामागे हा डाग पुसायचा विचारही होता. तुम्ही कुणाला खुलासा देत बसू नका. आणि हे वाचणाऱ्या ज्या घरात आजार दारूनं आलेला आहे, त्या घरालाही मी हेच सांगेन. ज्यानं आज सोडली त्याला टोमणे मारू नका, वर लिहिलेलं सगळं त्यालाही तसंच लागू आहे. सोडताना मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात. आपल्या भागात वायनरी झाल्यापासून 'वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच' असं म्हणणारे वाढलेत. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतो. सिरॉसिसमध्ये एक घोटही सुरक्षित नाही.

कुणी त्यांचं ताट-तांब्या वेगळं ठेवायला सांगत असेल तर ऐकू नका. चरबीनं झालेला सिरॉसिस कुणाला लागत नाही. हिपॅटायटिस बी आणि सीसुद्धा जेवणाच्या भांड्यांतून पसरत नाहीत.

चालणं सुरू करायचं, पण भाकरी-डाळ सुरू करून पंधरा दिवस झाल्यावर. उपाशी माणसाला चालवलं तर स्नायू आणखी झिजतात. सकाळी खाऊन झाल्यावर बागेच्या बांधावरून दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, आधी पाच वेळा, मग दहा. मांड्यांना बळ यायला याच्याइतका सोपा व्यायाम नाही. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, ते कैची घेऊन बागेत शिरतीलच. छाटू द्या, मन रमेल. वीस किलोचं क्रेट मात्र उचलायचं नाही. पोटातल्या शिरा फुगलेल्या असतील किंवा बेंबीशी हर्निया असेल तर जोर लावणं महागात पडतं. शिरा फुगल्यात का, हे एंडोस्कोपीत दिसतं. ती झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचा धोका असतो आणि तो लहान असताना सापडला तर उपाय होतो. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही विचारा. चहाऐवजी दिवसातून दोन कप बिनसाखरेची कॉफी त्यांना आवडली तर द्या, लिव्हरला ती चांगली असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मुलाचं पोट सुटलंय का? बापाला शुगर आणि बहुधा फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये साठलेली चरबी), म्हणजे त्याचीही एकदा तपासणी करून घ्या. त्याचं गणित वडिलांच्या अगदी उलट आहे. त्यानं वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवले तर लिव्हरची चरबी आणि सूज खरोखर ओसरते. थंड पेयांच्या बाटल्या आधी बंद.

शिवणाच्या डब्यातली टेप काढा. उजव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधला घेर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. वजनावर विसंबू नका, पोटात पाणी भरलं की काटा खोटं सांगतो. दर महिन्याच्या एक तारखेला तोच दंड, तीच जागा, सकाळी खाण्याआधी. त्याच वहीत खाली त्यांची सही घ्या. अक्षर कापरं किंवा वेडंवाकडं व्हायला लागलं तर तो सुरुवातीला सांगितलेल्या अमोनियाचा परिणाम असू शकतो, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन मापं झाली की मला कळवा, झोपेबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही. आणि आज रात्रीची भाकरी थापायला विसरू नका.